नाव आपली, पाणी दुसऱ्याचे

मालेगाव-भिवंडीत नवा माग टाकायला निघालेल्या माणसाला जुने-जाणते लोक पहिला प्रश्न मागाच्या किमतीचा विचारत नाहीत. ‘गाळा कुठे घेतलास?’ असे विचारतात. माग आज ना उद्या मिळतो, बिघडला तर दुरुस्त होतो, नड आली तर विकताही येतो. गाळ्याचे भाडे आणि गाळेमालकाची मर्जी मात्र जन्मभर पुरते. इंग्लंडच्या कालव्यांवर अरुंद बोटी घेऊन राहणाऱ्या आणि त्याच बोटींवर धंदा करणाऱ्या लोकांचा हिशेब पाहिला तर नेमके हेच दिसते. बोट त्यांच्या मालकीची असते. पण ती ज्या पाण्यावर तरंगते ते पाणी आणि ज्या काठाला बांधायची तो काठ दुसऱ्याचा असतो. बोटीची किंमत एकदा मोजायची, जागेची दरसाल.

हा विषय आपल्या पानावर कशासाठी, असे काही वाचक विचारतील. एक तर जागेवाचूनची मालकी आपल्याकडे फेरीवाल्यापासून मागवाल्यापर्यंत सगळ्यांनी भोगली आहे. दुसरे असे की, या कालव्यांचा आपल्या कापूस-कापडाशी जुना संबंध आहे. १७६१ साली ड्यूक ऑफ ब्रिजवॉटर या सरदाराने आपल्या वर्स्लीच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी कालवा काढला आणि शहरात कोळशाचा भाव जवळजवळ निम्म्यावर आला. मग सगळ्या देशात कालवे खोदण्याची लाट उसळली. लिव्हरपूलच्या गोदीत उतरलेल्या कापसाच्या गाठी पाण्यानेच मँचेस्टरकडे जाऊ लागल्या. लीड्स ते लिव्हरपूल हा १२७ मैलांचा कालवा १८१६ मध्ये पुरा झाला. तो ब्लॅकबर्न आणि बर्नली या कापडाच्या गावांतून जातो. बर्नलीत त्याच्या काठच्या गिरण्यांच्या वस्तीला आजही ‘विणकरांचा त्रिकोण’ म्हणतात.

१८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी माजली आणि तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा खानदेश-वऱ्हाड-गुजरातचा कापूस मुंबई बंदरातून लँकेशायरला गेला. तिथे सगळ्यालाच ‘सुरत’ म्हणत. आपला धागा आखूड, तो मागावर सारखा तुटे, म्हणून तिथले विणकर या मालाला नाके मुरडत. पुढे ब्लॅकबर्नच्या मागांवर खास आपल्या बाजारासाठी धोतरे विणली जात. त्यानंतर शंभर वर्षांनी त्याच गिरण्यांत रात्रपाळीला सुरत-भडोचकडचे गुजराती मुसलमान कामगार उभे राहिले. त्या गिरण्या आता बंद आहेत, कालवा मात्र वाहता आहे.

अरुंदपणाचे कारण

इंग्लंडच्या मध्य भागातले कालवे जेम्स ब्रिंडली या कारागिराने आखले. हा माणूस जेमतेम लिहू-वाचू शके, आणि देशातला सर्वांत मोठा कालवे-बांधणारा ठरला. जमीन चढते-उतरते तिथे बोट वर-खाली नेण्यासाठी ‘लॉक’ बांधावे लागते. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला पाण्याचा हौद. बोट आत घ्यायची, दार लावायचे, पाणी सोडायचे किंवा भरायचे. ब्रिंडलीने हौदाची रुंदी साधारण ७ फूट धरली. रुंद हौद आणि रुंद बोगदे म्हणजे जास्त विटा, जास्त पाणी, जास्त पैसा. त्या एका निर्णयामुळे अडीचशे वर्षांनंतरही या बोटी ६ फूट १० इंच रुंदीच्या आणि फार तर ७२ फूट लांबीच्या असतात. आत उभे राहून हात पसरले तर बोटे दोन्ही भिंतींना लागतात.

रेल्वे आल्यावर कालव्याची वाहतूक स्वस्त ठेवण्यासाठी नावाड्यांनी काठावरचे घर सोडले आणि बायको-मुलांना बोटीवर आणले. मजुराचा पगार वाचला. मागच्या टोकाला सुमारे १० फुटांची एक कोठडी, त्यात चूल, पलंग, कपाट आणि सगळे कुटुंब. उरलेल्या लांबीत कोळसा. त्या कोठडीत किती माणसांनी राहायचे याला मर्यादा घालण्यासाठी १८७७ आणि १८८४ मध्ये कायदे करावे लागले. एवढ्याशा जागेत या बायकांनी क्रोशाच्या झालरी लावल्या, दारांवर गुलाब आणि किल्ले रंगवलेले असत. आपल्याकडे ट्रकवाले गाडी रंगवतात त्याच हौसेने.

बहुतेक बोटी मोठ्या वाहतूक कंपन्यांच्या होत्या. ज्याची बोट आणि घोडा स्वतःचा, त्याला ‘नंबर वन’ म्हणत. ऐकायला मोठा मान. पण नंबर वनलाही प्रत्येक टनामागे, प्रत्येक मैलामागे कालवा कंपनीला जकात द्यावी लागे, आणि भाडे ठरवणारा गिरणीवाला किंवा खाणवाला. काम नसले की घोड्याचा दाणा चुकत नसे. १९४८ मध्ये बहुतेक कालवे सरकारी झाले. १९६२-६३ च्या हिवाळ्यात पाणी आठवडेच्या आठवडे गोठून राहिले, माल अडकला, गिऱ्हाइके रस्त्याने गेली ती परतली नाहीत. ॲथरस्टोनचा कोळसा लंडनजवळच्या साउथऑलच्या जॅम कारखान्याला नेणारा लांब पल्ल्याचा शेवटचा नेमाचा ठेका ऑक्टोबर १९७० मध्ये संपला.

कालवे बुजले नाहीत याचे श्रेय हौशी लोकांना आहे. एल. टी. सी. रोल्ट यांचे ‘नॅरो बोट’ हे पुस्तक १९४४ मध्ये आले, १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी संघटना झाली, आणि हळूहळू मालाच्या बोटींची जागा राहण्याच्या व सहलीच्या बोटींनी घेतली. आज इंग्लंड-वेल्समधले सुमारे २,००० मैलांचे जलमार्ग ‘कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट’ या संस्थेकडे आहेत. २०१२ मध्ये सरकारी मंडळाकडून हा कारभार तिच्याकडे आला. तिच्या पाण्यावर पस्तीस हजारांच्या आसपास बोटी आहेत.

सगळा भाव फुटावर

आम्ही कापड मीटरवर विकतो; तिथे बोटीचे सगळे फुटावर चालते. परवाना लांबीवर, बांधण्याची जागा लांबीवर, तळाला डांबर लावण्याची मजुरीही लांबीवर. म्हणून घेताना चार फूट जास्त घेतले तर ते चार फूट जन्मभर पैसे मागत राहतात. जाणकार ५७ फुटांची बोट सुचवतात. कारण असे की, उत्तरेकडच्या काही कालव्यांचे हौद आखूड आहेत. विगन ते लीड्स या भागात ७२ फुटांची बोट हौदात मावतच नाही. ५७ फुटांची जवळजवळ सगळीकडे जाते आणि विकायची वेळ आली तर गिऱ्हाईकही लवकर मिळते. 

जुनी बोट तीस-चाळीस हजार पौंडांपासून मिळते, नवी सोयीची घ्यायची तर लाखाच्या वर जावे लागते. घरासाठी मिळते तसे स्वस्त कर्ज बोटीला मिळत नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती स्थावर नव्हे, जंगम. जे कर्ज मिळते त्याचे व्याज चढे असते. त्यामुळे पुष्कळ लोक साठवलेल्या रोख रकमेवरच बोट घेतात. याच जंगमपणाची दुसरी बाजू कागदपत्रांत दिसते. घराची नोंद सरकारी दप्तरात होते; कालव्यावरच्या बोटीच्या मालकीची अशी सक्तीची नोंद नाही. ट्रस्टचा परवाना म्हणजे मालकीचा पुरावा नव्हे. विकणाऱ्याकडे आधीच्या सौद्यांची खरेदीखते आहेत का आणि बोटीवर कोणाचे कर्ज थकलेले नाही ना, हे ज्याचे त्याने पाहायचे.

दस्तऐवजांइतकाच महत्त्वाचा तळाचा पत्रा. नव्या बोटीत तळाला साधारण १० मिलिमीटर, बाजूंना ६ आणि वरच्या कोठडीला ४ मिलिमीटर जाडीचे पोलाद असते. पाण्याखाली गंज खड्डे पाडत जातो, आणि वरून चकचकीत रंग मारला की काहीच दिसत नाही. म्हणून सौद्याआधी बोट पाण्याबाहेर काढून, आपल्या खर्चाने आपला तपासनीस आणून जाडी मोजून घ्यायची. जाडी ४ मिलिमीटरच्या खाली गेली की विमेवाले कां-कूं करतात. मग जुन्या पत्र्यावर नवा पत्रा वेल्ड करतात. त्याने काम भागते, पण वजन वाढून बोट खाली बसते. दर चार वर्षांनी बोटीची सुरक्षा तपासणी सक्तीची आहे आणि तिच्या दाखल्याशिवाय परवाना मिळत नाही. पुष्कळ नवखे तो दाखला पाहून बोट चांगली समजतात. ती तपासणी गॅस, इंधन, वीज आणि आगीच्या धोक्याची असते. तळाला भोक पडायला आले आहे की नाही हे त्यात कोणी पाहत नाही.

दुरुस्तीचे काम कोकणातल्या आपल्या तांडेल-खलाशांना सांगावे लागणार नाही. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून घासायच्या, तेल-डांबर लावायचे, हे तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. तसेच इथे दर दोन-तीन वर्षांनी बोट कोरड्या गोदीत घेतात, तळ धुऊन-घासून काळे डांबर देतात. इपॉक्सीचा लेप महाग, पण जास्त वर्षे टिकतो. तळाला मॅग्नेशियमचे गोळे जोडलेले असतात. पोलादाऐवजी ते स्वतः झिजतात, म्हणून तेही बदलावे लागतात. बोट धक्क्यावरच्या विजेला कायम जोडलेली असेल तर मधे वेगळे उपकरण बसवले नसल्यास शेजारच्या बोटींच्या संगतीने आपला तळ लवकर झिजतो. पंख्याचा दांडा जिथून बाहेर जातो तिथे प्रवास संपल्यावर ग्रीसची मूठ फिरवायची, नाहीतर थेंब-थेंब पाणी आत येत राहते.

पंख्याचा शत्रू आपल्याच धंद्यातला आहे. कालव्यात टाकलेले जुने कपडे, दोऱ्या आणि प्लास्टिकच्या पिशव्या पंख्याला गुंडाळतात आणि इंजिन गुदमरते. त्यासाठी मागच्या बाजूला पंख्याच्या वर एक झाकण असते. इंजिन बंद करायचे, किल्ली खिशात घालायची, मग झाकण काढून थंडगार पाण्यात कोपरापर्यंत हात घालून चाकूने ती चिंधी कापत बसायचे. नायलॉनची साडी किंवा गालिचा अडकला तर अर्धा दिवस गेला. काम झाल्यावर झाकण नीट घट्ट बसवले नाही तर इंजिन सुरू होताच पंखा पाणी आत फेकतो. अशाने बोटी बुडाल्या आहेत. दुसरा धोका हौदात. खाली उतरताना वरच्या दाराशी दगडाचा उंबरठा असतो. बोटीची शेपटी त्यावर टेकली आणि पाणी उतरत गेले तर मागचा भाग वर लटकतो आणि नाक पाण्यात जाते. तिसरा न दिसणारा. थंडीत खिडक्या बंद करून शेगडी पेटवली की विषारी वायू साचतो. २०१९ पासून त्याचा इशारा देणारी घंटा बोटीत सक्तीची आहे.

कुठे बांधायची?

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. परवाना घेताना मालकाला दोनपैकी एक सांगावे लागते: माझी कायमची जागा अमुक ठिकाणी आहे, किंवा माझी जागाच नाही, मी सतत फिरत राहीन. १९९५ च्या कायद्याने ही दुसरी वाट ठेवली आहे. मात्र अट अशी की, एका ठिकाणी १४ दिवसांपेक्षा जास्त राहायचे नाही आणि प्रवास खराखुरा असला पाहिजे. आज या पुलाखाली, पंधरवड्याने पलीकडच्या पुलाखाली, मग पुन्हा पहिल्या जागी, हे चालत नाही. ट्रस्टची माणसे काठाने फिरून बोटींचे क्रमांक टिपत असतात.

फिरतीची ही वाट हौशी निवृत्तांना सुखाची आहे. शहरात नोकरी असलेल्याला नाही. मुलांची शाळा, डॉक्टरची नोंदणी, टपालाचा पत्ता, सगळे एका जागी आणि घर मात्र पुढे सरकते. लंडनमध्ये घरभाडे परवडत नाही म्हणून लोक बोटींकडे वळले. २०१२ नंतर तिथल्या बोटींची संख्या जवळजवळ दुप्पट झाली. काठ तेवढाच राहिला. बोटीला बोट लावून दोन-दोन रांगा लागतात. बाहेरच्या बोटीतल्या माणसाला आतल्या बोटीवर पाय ठेवूनच काठावर यावे लागते, आणि त्यात शेजारधर्माची परीक्षा होते.

कायमची जागा घ्यायची तर लंडनच्या चांगल्या भागात वर्षाला दहा हजार पौंडांच्याही पुढे जाते. गावाकडे त्याचा लहानसा भाग पुरतो. त्यातही दोन प्रकार आहेत. नुसती बोट ठेवण्याची जागा आणि वस्तीची परवानगी असलेली जागा. दुसरी दुर्मीळ, कारण तिला नगर नियोजनाची मंजुरी लागते आणि घरपट्टीसारखा करही येतो. पहिल्या प्रकारची जागा घेऊन गुपचूप तिथेच राहणारे पुष्कळ आहेत. सगळ्यांना ठाऊक असते, कोणी बोलत नाही, आणि एक दिवस नोटीस येते. पगडीच्या जागांचा अनुभव असलेल्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. 

खाजगी गोदी, म्हणजे मरिना, बांधणाराही यातून सुटत नाही. कालव्याला तोंड जोडू द्यायचे म्हणून नव्या मरिनाकडून ट्रस्ट ९ टक्के घेते, आणि ती टक्केवारी सगळ्या जागा भरल्या आहेत असे धरून काढलेल्या भाड्यावर असते. जागा रिकामी राहिली तर तो मालकाचा तोटा. एवढेच काय, ज्याच्या घराची बाग पाण्याला टेकते त्यालाही स्वतःच्या बागेशी स्वतःची बोट बांधण्याचे पैसे ट्रस्टला द्यावे लागतात.

परवाना नसेल तर १९८३ च्या कायद्याने ट्रस्ट बोट उचलून नेऊ शकते. राहते घर असेल तर आधी कोर्टात जाण्याची तिची पद्धत आहे. पण निकाल विरुद्ध गेला की माणसाच्या मालकीची, पूर्ण पैसे फेडलेली बोट काठावरून क्रेनने जाते. बोटीवर कोणाचे एक पैचे देणे नसते. देणे असते ते पाण्याचे.

एप्रिल २०२४ पासून ट्रस्टने जागा नसलेल्या बोटींच्या परवान्यावर जादा आकार बसवला. पहिल्या वर्षी ५ टक्के आणि पाच वर्षांत चढत २५ टक्क्यांपर्यंत. शिवाय मूळ शुल्कही वाढले. फिरत्या लोकांनी निदर्शने केली. आमच्याकडे काठाची जागा नाही, आम्ही कोणतीही खास सोय घेत नाही, मग जादा कशाबद्दल, असा त्यांचा सवाल. ट्रस्टचे उत्तर असे की, जागेचे भाडे न भरता कालव्याचा सर्वांत जास्त वापर तेच करतात. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसते. मात्र वाढ ज्यांच्यावर पडली त्यांतले बरेच जण भाडे परवडत नाही म्हणूनच पाण्यावर आले होते, हे विसरून चालणार नाही.

ट्रस्टची तिजोरीही भरलेली नाही. सरकारी अनुदानाचा १५ वर्षांचा करार मार्च २०२७ पर्यंतचा. जुलै २०२३ मध्ये सरकारने पुढच्या दहा वर्षांसाठी ४० कोटी पौंड जाहीर केले; महागाई धरली तर ही मोठी कपात आहे. आणि कालवे अडीचशे वर्षांचे. ऑगस्ट २०१९ मध्ये टॉडब्रुकच्या जलाशयाचा बांध खचला तेव्हा व्हेली ब्रिज गावातून सुमारे १,५०० लोकांना हलवावे लागले. १ जानेवारी २०२५ रोजी अतिवृष्टीत ब्रिजवॉटर कालव्याचा भराव फुटला. तो खाजगी कंपनीचा आहे, ट्रस्टचा नाही. पण फुटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंच्या बोटींना त्या फरकाचा काय उपयोग?

या सगळ्यात धंदा करणारेही आहेत. कोळसा, डिझेल आणि गॅसची नळकांडी घेऊन ठरलेल्या दिवशी ठरलेल्या मार्गाने जाणाऱ्या बोटी आहेत, पुस्तकांच्या आहेत, लोकरीच्या आहेत. लंडनला किंग्ज क्रॉसजवळ ‘वर्ड ऑन द वॉटर’ हे बोटीवरचे पुस्तकांचे दुकान २०११ पासून नाव मिळवून आहे. फिरत्या व्यापाऱ्यांची स्वतःची संघटना आहे आणि त्या धंद्याला साध्या परवान्याहून महाग, वेगळा परवाना लागतो. इंधनवाल्यांचा हिशेब सर्वांत गमतीचा. इंजिन चालवायला घेतलेल्या डिझेलवर पूर्ण कर, शेगडी पेटवायला घेतलेल्यावर कमी. टाकी एकच, म्हणून किती टक्के कशासाठी हे गिऱ्हाईक स्वतः लिहून देते. 

या लोकांचे गिऱ्हाईक पक्के असते. थंडीत काठावर अडकलेल्या बोटीला पन्नास किलो कोळसा डोक्यावरून कोण आणणार? उधारीही चालते, कारण बोट फार लांब पळत नाही. वेगमर्यादा ताशी ४ मैलांची आहे. पण माल भरलेला असून वाट बंद, अशीही वेळ येते. मे २०२५ मध्ये जलाशय आटले म्हणून ट्रस्टने लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरच्या हौदांना कुलूप लावले. परवान्याची मुदत त्या महिन्यांतही चालूच होती.